डाव्या पायाचा पट्टा

मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकले होते. हातात भाजीची पिशवी, समोर गिलावा न केलेली भिंत आणि डोक्यावर मिणमिणता दिवा. दार बडवून झालं होतं, घंटा वाजवून झाली होती. बऱ्याच वेळाने वरून बाईचा आवाज आला, "आत किती जण?"

"मी एकटीच आहे. चौथ्या मजल्यावरची..."

"नाव नको, वजन सांगा."

जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला असं कोणी विचारत नाही. मी सांगितलं, थोडं कमीच करून.

"बरं. आता दाराला हात लावू नका. तुम्ही दोराला टांगलेल्या आहात आणि तो दोर मीच बदललाय. त्याला काही होत नाही. खाली बसायचं तर खुशाल बसा."

मी बसले. काही वेळाने लिफ्ट हलकेच खाली सरकली, जिन्यावर उतरती पावलं वाजली, दार उघडलं आणि समोर एक बुटकी, रुंद खांद्यांची, पस्तिशीची बाई उभी दिसली. करडा डगला, खिशात पाने, केस रुमालाखाली बांधलेले. तिने हात देऊन मला बाहेर घेतलं आणि लगेच मला विसरून गेली. गुडघ्यावर बसून ती दाराची खालची खाच बोटाने चाचपू लागली. खाचेतून एक वाटाणा निघाला. तो तिने माझ्या तळहातावर ठेवला.

"हा मध्ये आला, दार पुरतं मिटलं नाही, म्हणून लिफ्ट थांबली. तुमचाच असेल."

"मी आज वाटाणे घेतलेच नाहीत," मी पिशवी उघडून दाखवली.

"मग कुणाचा?"

मला वाटलं, हा प्रश्न आपला बोलण्यापुरता. पण ती खरोखरच जिन्याने वर गेली आणि दारोदार विचारत आली. सहाव्या मजल्यावरच्या वहिनींनी कबूल केलं. त्यांना ती रागावली नाही. खाच कुठे असते ते दाखवून आली. आमच्या इमारतीत त्या दिवसापासून तिला 'लिफ्टवाली' म्हणू लागले, आणि वहिनींना काही दिवस 'वाटाणा'.

तपासणीला आली की ती माझ्याकडे चहाला थांबायची. पायातले बूट दाराबाहेर ठेवून, हात कोपरापर्यंत धुऊन, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची. खुर्चीत कधी बसली नाही, डगल्याला तेल असतं म्हणून. एकदा चहाचा कप फिरवत म्हणाली, "बाई, तुम्ही भूगोल शिकवायचात ना? मग वाऱ्याचं सांगा."

"वाऱ्याचं काय सांगू?"

"खाली एका दिशेने वाहतो आणि वर दुसऱ्याच. असं का?"

"तुला काय करायचंय वरच्या वाऱ्याचं? लिफ्टच्या खोलीत वारा शिरतो का?"

तेव्हा तिने सांगितलं की सुट्टीच्या दिवशी ती विमानातून उडी मारते. मी हातातलं गाळणं खाली ठेवलं. ते अगदी सहज सांगून ती उत्तराची वाट बघत बसली होती. मग मी जुना फळा बाल्कनीतून काढला आणि तिला वाऱ्याचे थर शिकवले. शाळेत इतक्या मन लावून कोणी ते ऐकल्याचं मला आठवत नाही. अर्थात शाळेत कोणाला त्या वाऱ्यातून खाली यायचं नव्हतं.

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. आप्पा पूर्वी बसमध्ये कंडक्टर होते. गुडघे गेल्यापासून खिडकीशी रेडिओ लावून बसत. लेकीच्या या नादाबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "आठवडाभर लोकांना दोर बांधून वर-खाली नेते," ते मला म्हणाले, "आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः दोर सोडून उडी मारते. हिच्या डोक्याची लिफ्ट मध्येच अडकलीय." पण त्यांनी तिला अडवलं नाही. मैदानावरून ती घरी आली की रेडिओचा आवाज कमी करून ते एवढंच विचारत, "छत्री उघडली का?"

"उघडली, आप्पा."

मग रेडिओ पुन्हा मोठा.

हा नाद तिला कंपनीनेच लावला होता. उंचावर काम करणाऱ्यांना पडण्यापासून वाचायचं शिक्षण देतात, त्याला आलेला शिक्षक शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर स्कायडायव्हिंग शिकवायचा. पिळदार मिशांचा, मोठ्याने हसणारा माणूस. त्याला सगळे 'उस्ताद' म्हणत आणि मैदान त्याच्याच देखरेखीखाली चाले. ही त्याच्याकडे एकदा बघायला म्हणून गेली आणि तिथलीच झाली.

पण इतकी वर्षं ती उडी मारायची ती मैदानावरचं भाड्याचं पॅराशूट घेऊन. तिथले पट्ट्या-पिशवीसकट सगळे संच उंच पुरुषांच्या मापाचे. पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढले तरी ती त्यात, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, पोत्यातल्या बटाट्यासारखी हलायची. शिवाय संच थोडे, उड्या मारणारे जास्त, रांगेत बसायचं. त्यातच मैदानावरच्या बायकांनी ठरवलं की थंडी सरली की सगळ्यांनी मिळून आकाशात एक मोठं वर्तुळ करायचं, हातात हात घालून. अट एकच: ज्याचा त्याचा संच स्वतःचा हवा. भाड्याचे संच इतक्या जणींना पुरणार नव्हते.

लिफ्टवालीला त्या वर्तुळात जायचं होतं. तिने दुसरं काही मागितलेलं मी कधी ऐकलं नाही. नवा संच तर आवाक्याबाहेरचा, म्हणून ती जुन्याच्या शोधात होती.

तो तिला एका जाहिरातीतून मिळाला. विकणारा माणूस बाजारामागच्या गाडीतळावर भेटला. फार गोड बोलायचा, म्हणून ती त्याला 'गोडबोल्या' म्हणायची. त्याची बायको उड्या मारायची म्हणे, बाळ झाल्यावर सोडलं. किंमत तिच्या आयुष्याच्या शिलकीएवढी होती, पण नव्याच्या मानाने काहीच नाही. पैसे देण्याआधी तिने तपासायला म्हणून संच एका दिवसाकरता मागून घेतला आणि थेट माझ्याकडे आणला, कारण माझ्या घरात पुढच्या दारापासून मागच्या बाल्कनीपर्यंत सरळ लांब बोळ आहे.

त्या बोळात तिने पॅराशूट पसरलं. विटकरी रंगाचं, मध्ये एक पांढरी पट्टी. माझ्या घरात इतकं कापड एकदम कधी आलं नव्हतं. ती गुडघ्यांवर रांगत प्रत्येक शिवण उजेडापुढे धरून बघत होती, दोऱ्या बोटांतून ओढत होती, बकलं उघडून मिटत होती. मला तिने कापडाचं दुसरं टोक धरायला लावलं होतं.

"या पिशवीत दोन असतात," ती सांगत होती. "हे रोजचं. आणि वरच्या कप्प्यात राखीव. पहिलं नाही उघडलं तर ते. राखीव आपण घडी करायचं नाही, परवानावाल्यानेच करायचं. तो लाल दोरा बांधून शिशाचं सील मारतो. हे बघा, सील शाबूत आहे. खूणही ओळखीची आहे, नावाजलेला माणूस आहे."

मानेमागे जिथे कारखान्याचं लेबल असतं तिथे फक्त चार टाके उरले होते. मी विचारलं.

"मानेला टोचायचं म्हणून कापलं म्हणाला. आपण नाही का ब्लाउजचं कापत?"

ते मलाही पटलं. संध्याकाळी कापड गुंडाळताना तिचे गाल लाल झाले होते. "खणखणीत आहे, बाई," ती म्हणाली. "आणि पाठीवर कसं बसतं बघा! माझ्यासाठीच शिवल्यासारखं."

उस्तादांनी मैदानावर संच उलटसुलट करून बघितला. सील बघितलं, मान डोलावली. "उघडेल. मजा कर, पोरी."

तिथे एक रीत आहे. विमानात चढण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवरचे कप्पे, पिना, दोऱ्या तपासायच्या. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून. तपासून झालं की खांद्यावर थाप मारायची. त्या थापेशिवाय कोणी विमानात चढत नाही. लिफ्टवालीच्या खांद्यावर थाप पडली आणि ती आपल्या संचाने उडी मारून आली. आप्पांना म्हणाली, "उघडली, आप्पा, आणि काय सुरेख उघडली!"

तरी डाव्या मांडीचा पट्टा काचत होता. उजवा नीट बसायचा. डावा शेवटच्या टोकापर्यंत सैल केला तरी मांडीत रुतायचा. पहिल्यांदा तिने स्वतःच्या मांडीला दोष दिला. माझ्याकडची शिवणकामाची टेप घेऊन तिने दोन्ही मांड्या मोजल्या आणि त्या सारख्या निघाल्यावर जरा खट्टू झाली. मग पट्टे मोजले. डाव्या पट्ट्याला आतून लावलेली गादी उजवीपेक्षा आखूड आणि अरुंद होती. तिने ती उलटी केली, टाके बघितले.

"बाई, ही मागाहून कापलेली नाही. दोरा तोच, टाका तोच, मशीन तेच. कारखान्यातच अशी केलीय." ती जमिनीवर मांडी घालून बसली. "असं कोण करून घेईल?"

"ज्याचा एक पाय बारीक असेल तो," मी म्हटलं. माझ्या वर्गात लहानपणीच्या आजाराने पाय बारीक राहिलेली एक मुलगी होती. तिचे बूटही वेगवेगळ्या मापांचे असत.

लिफ्टवाली उठली. फोन काढून तिने गोडबोल्याला लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून टेबलावर ठेवला.

"बोला, ताई! काय म्हणतंय पॅराशूट?"

"छान आहे. तुमच्या मिसेसचा पाय कसा आहे आता?"

"पाय?"

"डावा."

"डावा ना... डावा एकदम ठणठणीत! दोन्ही ठणठणीत आहेत हो. दिवसभर बाळाच्या मागे पळत असते."

"मग डाव्या पायाचा पट्टा बारीक पायाच्या मापाने का करून घेतला होता?"

पलीकडे कुठेतरी गाडीचा भोंगा वाजला. मग तो म्हणाला, "ताई, वस्तू पसंत पडली ना तुम्हाला? मग उगाच कशाला खोलात शिरता?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना, आणि नंतर कधीच लागला नाही.

ती बराच वेळ त्या गादीवर अंगठा फिरवत बसली होती. "मी सगळं बघितलं," ती म्हणाली. "शिवण बघितली, दोऱ्या बघितल्या, सील बघितलं. कुणाचं आहे ते विचारलं नाही. नंबरची पट्टी काढलेली लिफ्ट असती तर मी बटणालाही हात लावला नसता. आणि इथे ब्लाउजचं लेबल म्हणे!"

"तुला फसवलं त्याने."

"फसवलं. पण मला फसायचंच होतं, बाई. वर्तुळ जवळ आलं होतं ना."

पुढच्या सुट्टीला तिने मैदानावर सगळ्यांना सांगून टाकलं. गुपचूप ठेवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिथे काय झालं ते तिनेच मला, प्रत्येकाची नक्कल करत, सांगितलं.

"तू थोडीच चोरलंस?" असं एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "पैसे मोजलेस ना? मग तुझं." वर्तुळाची जुळवाजुळव करणारी एक बँकेतली बाई होती, तिला सगळे 'बँकवाली' म्हणत. तिने तर हात जोडले. "अगं माझी आई, वर्तुळ होऊ दे, मग शोध कुणाला शोधायचं ते. आत्ता तू गेलीस तर माझी सगळी मांडणी बदलते."

उस्तादांनी मिशीला पीळ दिला. "पोरी, जुन्या बाजारातला अर्धा माल असाच फिरतो. आपण एवढंच बघायचं, उघडतंय की नाही."

"आणि जिचं आहे ती?"

"तिने घेतलं असेल दुसरं."

"उस्ताद, तिला भाड्याचं होत नाही. तिच्या पायाचं माप कुठल्याच संचात नाही. हे गेलं म्हणजे तिची उडीच गेली."

तेवढ्यात विमान आलं म्हणून सगळे उठले. तिने त्या दिवशी तो संच पाठीला लावला नाही. रांगेत बसून भाड्याचा घेतला.

मालकीण शोधणं वाटलं तितकं अवघड गेलं नाही. नाव नव्हतं, नंबर नव्हता, पण माप होतं. लिफ्टवाली जेवणाच्या सुट्टीत लिफ्टच्या खोलीत बसून एकेका मैदानाला फोन करायची आणि विचारायची, "तुमच्याकडे माझ्या उंचीची, रुंद खांद्यांची, डावा पाय बारीक असलेली कोणी बाई उडी मारायची का?" काहींना वाटलं ही लग्न जमवतेय. शेवटी दूरच्या एका मैदानावरचा चहावाला म्हणाला, "ती? ती येत नाही हल्ली. गाडीची काच फोडून सामान नेलं तिचं. चष्म्याच्या कारखान्यात आहे ती, काचा घासते."

ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही चला. मी एकटी गेले तर बोलताना काहीतरी चुकेल."

आम्ही बसने गेलो. संच तिने मांडीवर घेतला होता. वरच्या फळीवर ठेवायला ती तयार होईना. कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट मागितलं. तिने मुकाट्याने काढलं. "आप्पा कंडक्टर असते तर सोडलं असतं," एवढंच पुटपुटली.

कारखाना म्हणजे एका दुकानाच्या मागची लांबट खोली होती. ओल्या काचेचा वास, घरघरणारी चाकं, पांढरट पाणी. शेवटच्या चाकाशी एक बाई बसली होती. ती उठून काठी घेऊन आमच्याकडे आली तेव्हा मी चमकले. चेहरा वेगळा, वय थोडं जास्त, पण खांदे आणि उंची अगदी लिफ्टवालीचीच. पाठमोऱ्या उभ्या असत्या तर मी चुकले असते.

तिची नजर आधी पिशवीवर गेली. तिने ती लिफ्टवालीच्या हातातून काढून घेतली, टेबलावर ठेवली आणि डाव्या पायाची गादी चाचपली. मग लेबलाच्या जागचे चार टाके.

"कुठून घेतलंत?"

लिफ्टवालीने सगळं सांगितलं. गाडीतळ, बायको, बाळ, ब्लाउजचं लेबल. काही गाळलं नाही.

"उड्या मारल्यात हे घेऊन?"

"हो."

"उघडलं?"

"हो."

"हे हातात यायला मी किती वाट बघितली होती, माहीत आहे तुम्हाला? कारखान्याने तीनदा माप घेतलं. आणि तुम्ही गाडीतळावर घेतलंत, भाजी घ्यावी तसं." तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागत होता. "काच त्याने फोडली हो माझ्या गाडीची. पण घेणारं कोणी नसतं तर त्याने ती कशाला फोडली असती?"

मला मध्ये बोलावंसं वाटलं. ही पोर आपण होऊन आली आहे, आयुष्याची शिल्लक सोडून, असं काहीतरी. पण लिफ्टवालीने माझ्या कोपराला हलकेच हात लावला.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "तुमचं तुम्हाला द्यायलाच आलेय. पण एक सांगते. तुमच्या गाडीतून गेल्यापासून माझ्या हातात येईपर्यंत हे कुठे होतं ते कोणाला माहीत नाही. ओलीत होतं की उन्हात, तेलाच्या डब्याशेजारी होतं की काय. मधला काळ कोणाच्याच जबाबदारीवर नव्हता. राखीव उघडून बघितल्याशिवाय तुम्ही हे घेऊन उडी मारू नका."

"सील आहे की."

"सील बाहेर आहे. कापड आत आहे."

चष्मेवालीने पिशवी मिटली. मग तिने आम्हाला स्टुलं दिली. पाणी विचारलं. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला डावीकडे काचलं असेल."

"फार."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच किंचित हसली.

चोरीची तक्रार तिने केलेलीच होती. दोघी मिळून चौकीवर गेल्या. हवालदाराने विचारलं, "म्हणजे छत्री चोरीला गेली?" दोघी एकदम म्हणाल्या, "नाही!" लिफ्टवालीने गोडबोल्याचा नंबर आणि वर्णन दिलं, स्वतः चोरीचा माल घेतल्याचंही लिहून दिलं. गोडबोल्या सापडला नाही. तिचे पैसेही परत मिळाले नाहीत.

राखीव उघडायचं ठरलं ते उस्तादांसमोर, कारण परवाना त्यांच्याकडे होता. त्या दिवशी मीही गेले. हँगरमधल्या लांब टेबलाभोवती बरेच जण जमले होते. उस्तादांनी सील तोडलं, कप्पा उघडला. पांढरं कापड घडी-घडीने बाहेर आलं. चष्मेवाली एका बाजूने, लिफ्टवाली दुसऱ्या बाजूने हात फिरवत गेली. खूप वेळ लागला. कुठे डाग नव्हता, विरलेलं नव्हतं, वास नव्हता.

"बघ," उस्ताद म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "मी म्हणत होतो ना, ठीक आहे म्हणून?"

"तुम्ही म्हणत होतात, उस्ताद," लिफ्टवाली म्हणाली. "बघितलं आज."

तिथे कोणीतरी खोकलं. उस्तादांचा हात मिशीकडे गेला आणि तसाच खाली आला. लिफ्टवाली पुढे म्हणाली, "मीही नव्हतं बघितलं. आणि माझ्या खांद्यावर थाप मारणारीनेही नव्हतं. आपण सगळे पिना बघतो. यापुढे थाप मारण्याआधी विचारायचं, आधी कुणाचं होतं? आणि समोरच्याने सांगायचं, माणसाचं नाव घेऊन. त्या माणसाशी बोलणं झालेलं असलं पाहिजे."

"फौजदार झालीस की काय?" मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला. "आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर तुझी पाठ मी तपासणार नाही. दुसऱ्या कोणाकडून तपासून घे."

सुरुवातीला सगळे दुसऱ्याकडूनच तपासून घेत. तिला 'फौजदारीण' हे नाव पडलं. ती ओळीत उभी राहायची, लोक तिला टाळून पुढे जायचे, आणि ती भाड्याचा संच चढवून आपल्या पाळीची वाट बघायची. तिने कोणाशी वाद घातला नाही. प्रत्येकाला तोच प्रश्न, त्याच आवाजात विचारत राहिली. हळूहळू एकेक जण उत्तर देऊ लागला. काही जणांना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी घरी जाऊन फोन केले. एकाला कळलं की त्याचा संच पूर्वी झाडात अडकून फाटला होता आणि ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर हशा कमी झाला. उस्तादांनी काही जाहीर केलं नाही, पण एका सकाळी ते स्वतःच एकाची पाठ तपासताना विचारताना दिसले, "आधी कुणाचं होतं रे?"

वर्तुळाच्या दिवशी मी आप्पांना घेऊन मैदानावर गेले. आभाळ निरभ्र, वर वाराही कमी. लिफ्टवाली वर्तुळात नव्हती. संच नसल्याने तिचं नाव कधीच गेलं होतं. तिच्याकडे पाठी तपासायचं काम दिलं होतं. बायका रंगीत कपड्यांत ओळीने उभ्या, एकेक जण तिच्याकडे पाठ करून संचाच्या आधीच्या मालकाचं नाव सांगत होती आणि थाप घेऊन पुढे जात होती.

बँकवालीची पाळी आली.

"आधी कुणाचं होतं?"

"अगं, घेतलंय जुनंच. माझं आधीचं मला घट्ट व्हायला लागलं होतं. या आठवड्यातच आलंय."

"कुणाकडून?"

"ओळखीतून. आता या घडीला मला नाव आठवत नाहीये. थाप मार, विमान सुरू झालंय."

"फोन कर त्यांना."

"आत्ता? वेडी आहेस का? हे वर्तुळ मी उभं केलंय! तुझं गेलं म्हणून माझं घालवतेस का?"

सगळ्याजणी बघत होत्या. विमानाचा पंखा फिरत होता. मला आठवतंय, आप्पांनी माझा हात धरला होता. लिफ्टवालीने हात मागे बांधून घेतले. "तुझी पाठ मी तपासणार नाही," ती म्हणाली. बँकवालीने शेजारणीकडे पाठ केली. शेजारणीने लिफ्टवालीकडे बघितलं, उस्तादांकडे बघितलं आणि खाली मान घातली. तिनेही थाप मारली नाही.

उस्ताद आले. बँकवालीने त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "पोरी, आज तू खालीच थांब."

वर्तुळ झालं. एकीने कमी, थोडं लहान, पण झालं. निळ्या आभाळात ते काही क्षण दिसलं, मग फुटलं आणि छत्र्या एकामागून एक उघडल्या. आप्पा मान वर करून बघत होते. "सगळ्यांच्या उघडल्या का?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांच्या," ती म्हणाली. बँकवाली गवतावर हेल्मेट मांडीत घेऊन पाठमोरी बसली होती.

पुढे कळलं की तिचा संच अगदी सरळ व्यवहाराचा होता. एका निवृत्त शिक्षकाचा, सगळ्या कागदांसकट जपून ठेवलेला. तो नंतर स्वतः मैदानावर येऊन सांगून गेला. बँकवालीने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं लिफ्टवालीला सांगितलं.

"बरं झालं ना मग," लिफ्टवाली म्हणाली.

"बरं? माझं वर्तुळ गेलं!"

"माझंही गेलं," ती म्हणाली, आणि भाड्याच्या पिशव्या उचलून ठेवू लागली. बँकवाली अजून तिच्याशी बोलत नाही. मात्र पाठ तपासून घेते ती तिच्याकडूनच.

चष्मेवाली आपल्या मैदानावर पुन्हा उडी मारू लागली आहे. आप्पांच्या चष्म्याच्या काचा आता तिच्याकडून येतात. पैसे ती पूर्ण घेते, आणि लिफ्टवालीलाही तेच बरं वाटतं.

आमची लिफ्ट बऱ्याच दिवसांत अडकलेली नाही. लिफ्टवाली तपासणीला येते, हात धुऊन स्टुलावर बसते, चहा घेते. तिचं स्वतःचं पॅराशूट अजून झालेलं नाही. सुट्टीच्या दिवशी ती रांगेत बसून भाड्याचं घेते, उंच माणसांचे पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढते आणि विमानात चढते.